दोन विहिरी भरून अक्षरं

आधी एक सोपं गणित. भगवद्गीतेचे श्लोक सातशे. त्यांतले बहुतेक अनुष्टुभ, म्हणजे श्लोकाला बत्तीस अक्षरं. काही त्रिष्टुभ, ते आणखी लांब. त्यांना सूट देऊन सगळे बत्तीसचेच धरले तरी हिशेब होतो २२,४०० अक्षरांचा. आता ही २२,४०० अक्षरं तांब्याच्या पत्र्यावर कोरायची. हाताने. एकेक वेलांटी, एकेक रफार. आणि कोरायची ती उलटी! आरशात दिसतात तशी, म्हणजे कागदावर सुलटी उमटतील. पोथी लिहिताना चूक झाली तर लेखक हरताळ फासून मोकळा व्हायचा. तांब्यातला चर कशाने बुजवणार?

दिवसाला साठ अक्षरं धरू. आठ तासांच्या कामात तासाला सात-आठ. उलटं कोरणाऱ्याला यापेक्षा घाई करायला सांगायची माझी तरी छाती नाही. या वेगाने गीता पुरी व्हायला लागतील ३७३ दिवस. एक अख्खं वर्ष आणि वर आठवडा, एकही सणवार न पाळता!

हा खटाटोप कुणी केला? मिरजेने! हकीकत सुरू होते पुण्यात. नाना फडणवीसांच्या मनात आलं की गीता छापावी. पुण्यातले इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्या प्रोत्साहनाने एका तांबटाला तांब्यावर अक्षरं कोरण्याची विद्या शिकवली गेली, काम सुरू झालं आणि १८०० साली नाना गेले. आश्रयच सरला. मग तो कारागीर मिरजेला आला, तिथले संस्थानिक गंगाधरराव पटवर्धन यांच्याकडे. पटवर्धनांच्या घरातच तेव्हा वाटणी होऊन गेलेली. पुतणे चिंतामणराव सांगलीला गेलेले, काका गंगाधरराव मिरजेत राहिलेले. पण वाटणीच्या त्या धामधुमीतही काकांनी कारागिराला ठेवून घेतलं आणि १८०५ साली मिरजेत गीता छापून निघाली. सतार-तंबोऱ्यांसाठी मिरजेचं नाव देशभर घेतलं जातं. या गीतेसाठी ते का घेतलं जात नाही, हे मला कोडंच आहे.

गंमत अशी की त्याच १८०५ साली तिकडे बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण छापून निघालं. देशाच्या दोन टोकांना, एकमेकांची खबर नसताना, एकाच वर्षी. आपल्या छापील इतिहासाची वही उघडायची तर १८०५ हे पान चुकवता येत नाही.

पण थोडं मागे जाऊ, कारण आता आकडे उड्या मारायला लागतात. जर्मनीत योहान गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास बायबल छापलं. प्रती सुमारे १८०. प्रत्येक प्रतीची पानं सुमारे १,२८०. गुणाकार करा: २,३०,४००. दोन लाख तीस हजार पानं! आणि किंमत? एका प्रतीला तीस गिल्डर, म्हणजे तिथल्या कारकुनाचा तीन वर्षांचा पगार. आपल्याकडच्या कारकुनाचे महिन्याला २५ हजार रुपये धरले तर छत्तीस महिन्यांचे झाले नऊ लाख. नऊ लाखांचं एक पुस्तक! त्या पैशांत पाच रुपयांचं वर्तमानपत्र रोज घेतलं तर १,८०,००० दिवस पुरेल. म्हणजे ४९३ वर्षं. दिल्लीच्या गादीवर हुमायून होता तेव्हा अंक लावला असता, तर आज सकाळच्या अंकाशी पैसे कुठे संपले असते. आणि हो, नऊ लाख ही 'स्वस्त' किंमत बरं का! हाताने लिहिलेलं बायबल त्याहून महाग पडायचं.

पुढची पंचेचाळीस वर्षं तर वणवाच पेटला. १५०० सालापर्यंत युरोपात छापलेल्या प्रती झाल्या सुमारे दोन कोटी, असा इतिहासकारांचा अंदाज. एक पुस्तक तीन सेंटिमीटर जाड धरा आणि फळीवर उभी लावा. फळी किती लांब लागेल? सहाशे किलोमीटर! मुंबईहून पुण्याला रेल्वेने १९२ किलोमीटर. तेव्हा मुंबई ते पुणे, पुणे ते मुंबई, पुन्हा मुंबई ते पुणे, इतकी फळी भरून चोवीस किलोमीटरची पुस्तकं हातात उरतातच. त्यापुढच्या शंभर वर्षांत आणखी पंधरा ते वीस कोटी. पंधराच धरले तरी फळी साडेचार हजार किलोमीटरची. जम्मूहून रेल्वेच्या रुळांलगत लावत निघालात, तर कन्याकुमारी संपेल आणि उरलेली पुस्तकं समुद्रात मांडावी लागतील.

आणि आपण? आपण तेव्हा कुठे होतो?

तर यंत्र आपल्या दाराशी लवकरच आलं होतं. ६ सप्टेंबर १५५६ रोजी गोव्यात छापखाना उतरला. शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला चौऱ्याहत्तर वर्षं होती! छापखाना पोर्तुगीज जहाजातून आला आणि सेंट पॉल कॉलेजात बसला. १६१६ साली तर गोव्यातच, रायतूरला, फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं, जवळपास अकरा हजार ओव्यांचं. भाषा मराठी, लिपी मात्र रोमन. त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज हाती नाही.

गोवा ते मिरज सरळ रेषेत अंतर किती? साधारण १७० किलोमीटर. १५५६ पासून १८०५ पर्यंत वर्षं किती? २४९. भागाकार केला तर छपाईची कला दिवसाला दोन मीटरसुद्धा सरकली नाही. एखादी आळशी गोगलगायही हे अंतर न्याहारीच्या आधी कापून पुढे जाईल! अर्थात कला गोव्याहून घाट चढून मिरजेला आली, असं काही झालं नाही. ती दुसऱ्याच वाटेने आली. पण नकाशावर पट्टी ठेवली की हा वेग दिसतो, आणि तो पाहून हसावं की रडावं कळत नाही.

एवढा उशीर का? कारणं पुष्कळ. त्यातलं एक निव्वळ आकड्यांचं आहे. रोमन लिपीला अक्षरं लागतात चोवीस-सव्वीस. १६०८ साली स्टीफन्सने आपल्या वरिष्ठांना लिहिलं की या देशाच्या लिपीत छापायचं म्हटलं तर सहाशेच्या घरात साचे लागतात, इथली अडचण तीच आहे. सहाशे! चोवीसच्या पंचवीस पट. आपणच मोजून पाहू. चौतीस व्यंजनं, प्रत्येकाची बाराखडी: ४०८. आता जोडाक्षरं. चौतीसपैकी कुठलंही कुठल्याही व्यंजनाला जोडलं तर १,१५६. त्या प्रत्येकाची बाराखडी काढली तर १३,८७२! सगळी काही वापरात नसतात, हे खरं. 'ङ्ठौ' कुणाला लागतोय? पण खिळे पाडणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे हा डोंगर उभा असायचा. लोकमान्य टिळक राजकारणातून सवड काढून या डोंगराशी झुंजले आणि खिळ्यांची संख्या त्यांनी १९० वर आणली. पुढच्या काळातल्या कित्येक मराठी पुस्तकांत 'अि', 'अी', 'अु' असं छापलेलं दिसतं, त्यामागेही हाच खिळे वाचवण्याचा खटाटोप होता. वाचणाऱ्याला दचकायला होतं, पण तेवढे खिळे कमी लागायचे.

जुळाऱ्याचं काम ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे आकडे हाताने कळतात. समोर चार केसी, तिरक्या मांडलेल्या. प्रत्येकीत बारके खण आणि प्रत्येक खणात एकाच अक्षराचे खिळे. डाव्या हातात स्टिक. उजवा हात खणाकडे जातो, न बघता खिळा उचलतो, त्याची खाच बोटाने चाचपतो आणि स्टिकमध्ये ठेवतो. ओळ डावीकडून उजवीकडेच चाललेली, पण अक्षरं डोक्यावर उभी. मुरलेला जुळारी ती सुलटी असल्यासारखी सरसर वाचतो. ओळ भरली की लेड टाकायची, पुढची ओळ. छापून झालं की सुटका नाही. सगळे खिळे पुन्हा आपापल्या खणात टाकायचे, उद्याच्या मजकुरासाठी.

या हाताचा प्रवास मोजू या. खणापर्यंत एक फूट, परत एक फूट, म्हणजे सुमारे साठ सेंटिमीटर. दिवसाला दहा हजार खिळे धरले, तर रोज सहा किलोमीटर. वर्षाचे तीनशे दिवस काम: १,८०० किलोमीटर. तीस वर्षांची नोकरी: ५४,००० किलोमीटर. पृथ्वीचा घेर आहे ४०,०००! एकाच जागी उभ्या असलेल्या माणसाचा उजवा हात पृथ्वीला पुरी एक फेरी घालून दुसरीतलीही तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाट चालून यायचा. पगारात या प्रवासाचा भत्ता धरलेला नसे.

आता घड्याळ जरा जोरात फिरवू. १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर पंचांग छापलं. छपाईच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली माणसं छापील कागदाला शिवत नसत. त्यावर त्यांनी तुपात शाई घोटून तोड काढली, असं सांगतात. त्याच वर्षी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' आलं. आणि याच १८३१ च्या जानेवारीत सातारा जिल्ह्यातल्या नायगावात एक मुलगी जन्मली. मुलींनी अक्षर गिरवलं तर अनर्थ होतो, असं मानणाऱ्या समाजात. तिचं नाव सावित्री. पुढच्या तेवीस वर्षांत ती शिकली, शिक्षिका झाली, शाळा चालवू लागली आणि १८५४ साली तिचा 'काव्यफुले' हा संग्रह छापून बाहेर आला. गोवा ते मिरज १७० किलोमीटरला २४९ वर्षं. नायगावातला जन्म ते छापील पुस्तक, तेवीस वर्षं! माझ्या मते या सगळ्या हिशेबातला सर्वांत वेगवान प्रवास हाच. त्यापुढे रोटरी यंत्रंही फिकी.

छापलेल्या कागदाचं वजन किती असतं, हे सरकारला आपल्याआधी कळलं. १८९७ साल, प्लेगचं आणि रँडच्या खुनाचं. इस्लामपूर तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. तिथून 'प्रतोद' नावाचं छोटं वर्तमानपत्र निघायचं. त्यात एक लेख आला, विषय कॅनडाच्या स्वातंत्र्याच्या तयारीचा. कॅनडा इस्लामपूरपासून बारा हजार किलोमीटरच्याही पलीकडे, मुंबई-पुण्यासारखी साठ-पासष्ट अंतरं एकापुढे एक टाकली तर जितकं होईल तितकं लांब. इंग्रजांना मात्र तो लेख अगदी हाकेच्या अंतरावरचा वाटला. राजद्रोहाचा खटला भरला गेला आणि साताऱ्याच्या सत्र न्यायालयाने संपादकाला जन्मठेपेचं काळं पाणी सुनावलं! एका लेखाला एक जन्म. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडेही होते. तिथे दोष कायम राहिला, पण शिक्षा एका वर्षावर आली. त्याच वर्षी वाईच्या 'मोदवृत्त'वरही खटला झाला. वाई आणि इस्लामपूर! लंडनच्या साम्राज्याला कृष्णाखोऱ्यातल्या दोन तालुक्याच्या गावांतल्या छापखान्यांमुळे झोप लागू नये, याला काय म्हणावं?

आणि अशा अंकाच्या प्रती शेकड्यांत असल्या तरी कानांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. चावडीवर एक वाचायचा आणि पंधरा ऐकायचे. पाचशे प्रतींचं पत्र असलं तर साडेसात हजार कान, नव्हे, माणशी दोन धरले तर पंधरा हजार!

विसाव्या शतकात तर कृष्णेचं हे खोरं छापखान्यांनी फुलून गेलं. १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगराचा कारखाना काढला, किर्लोस्करवाडी वसवली. तिथे लोखंडाबरोबर काय निघावं? मासिकं! १९२० साली 'किर्लोस्कर खबर' सुरू झालं. खबर कारखान्याची, पण शंकरराव किर्लोस्करांनी बघता बघता तिचं महाराष्ट्रभर वाचलं जाणारं 'किर्लोस्कर' करून टाकलं. मग १९३० ला 'स्त्री', १९३४ ला 'मनोहर'. चौदा वर्षांत तीन मासिकं, तीही नांगराच्या गावातून! कारखान्याचं लोखंड शेत नांगरायचं आणि छापखान्याचं शिसं घराघरातले कर्मठ समज. पुण्यामुंबईच्या घरी 'स्त्री' पोचायची ती मिरज-पुणे लायनीवरच्या एका छोट्या स्टेशनातून.

तिथून पलीकडे औंधला पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर बसले होते. १९१८ च्या सुमारास त्यांनी स्वाध्याय मंडळ काढलं आणि वेद छापायला घेतले. एकट्या ऋग्वेदाच्या ऋचा १०,५५२, सूक्तं १,०२८. हजारो वर्षं ज्या ऋचा तोंडातून कानात आणि कानातून तोंडात गेल्या, ज्या ऐकायचीही पुष्कळांना बंदी होती, त्या आता टपालाने कुणाच्याही घरी येऊ लागल्या. सातवळेकर स्वतः एकशे एक वर्षं पुरी करण्याच्या बेताला पोचले. खिळे जुळवून घेत, प्रुफं वाचत, संपादन करत. मंत्राला मुद्रणाची जोड दिल्यावर आयुष्यही असं लांबत असावं, असा माझा एक शास्त्रीय आधार नसलेला समज आहे.

आणि जिथे छापखाना नव्हता तिथे? १९२० साली, 'किर्लोस्कर खबर' निघालं त्याच वर्षी, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात अण्णा भाऊ साठे जन्मले. शाळा म्हणाल तर दीड दिवसाची, असं सांगितलं जातं. बापाबरोबर पोर पायी मुंबईला गेलं. तीनशे किलोमीटरच्या वरची वाट, आणि गाडीभाड्याला पैसे नाहीत. मुंबईत वाचायला शिकवलं कुणी? दुकानांच्या पाट्यांनी आणि सिनेमाच्या पोस्टरांनी! मालाची जाहिरात म्हणून लावलेली अक्षरं एका मुलाची शाळा झाली. १९५९ ला त्याची 'फकिरा' आली, आणि कादंबऱ्यांची संख्या पुढे तिशीच्या पार गेली. पोस्टर छापणाऱ्याने त्या कागदाचा हिशेब कुठल्या खात्यात मांडला असेल?

बरं, आता दम धरा. यंत्रं मोठी होतात.

गुटेनबर्गच्या वळणाच्या लाकडी हातयंत्रावर तासाला अडीचशे छाप निघायचे. २९ नोव्हेंबर १८१४ रोजी लंडनच्या 'टाइम्स'ने वाफेचं यंत्र लावलं आणि आकडा ११०० वर गेला. आजचं वर्तमानपत्राचं रोटरी ऑफसेट तासाला सत्तर हजार अंक सहज काढतं. सोळा पानी अंक, घडी घालून, कापून, मोजून! सेकंदाला एकोणीस.

सोळा गुणिले सत्तर हजार म्हणजे तासाला ११,२०,००० पानं. गुटेनबर्गच्या सगळ्या बायबलांची पानं होती २,३०,४००. हे काम आजचं यंत्र किती वेळात उरकेल? साडेबारा मिनिटांत! ज्या कामाने गुटेनबर्गचं दिवाळं वाजलं, सावकाराने कोर्टात खेचून छापखाना काढून घेतला, ते काम उरकून कामगार तंबाखू मळायला मोकळा.

कागद त्या यंत्रात कसा पळतो ते पाहा. प्रत्येक अंकाला एका रिळातला साधारण पंचावन्न सेंटिमीटर कागद लागतो. सत्तर हजार अंकांना साडेअडतीस किलोमीटर. म्हणजे कागद ताशी साडेअडतीस किलोमीटर वेगाने रुळांमधून धावतोय. उसेन बोल्टचा शंभर मीटरचा विक्रम ९.५८ सेकंदांचा. हा कागद शंभर मीटर साडेनऊ सेकंदांच्या आत कापतो, आणि बोल्टसारखा थांबत नाही. रात्री अकराला सुटला तर पहाटे चारला १९२ किलोमीटर पार. मुंबई-पुणे! डेक्कन क्वीन त्याला गाठते, कबूल. पण डेक्कन क्वीनच्या पाठीवर वाटेत बातम्या छापल्या जात नाहीत.

असे लाखभर अंक जुन्या हातयंत्रावर काढायचे म्हटले तर? अंकाचे मोठे कागद चार, प्रत्येकाच्या बाजू दोन. आठ लाख छाप. तासाला अडीचशेने ३,२०० तास. दिवसरात्र यंत्र चालवलं तरी १३३ दिवस. सांगलीच्या गणपती विसर्जनाची बातमी वाचकाला संक्रांत उलटून गेल्यावर मिळेल!

आता विहिरी. तुम्ही म्हणाल, छापखान्यात विहीर कुठून आली? अक्षरं कशात तरी मोजायला हवीत ना! वर्तमानपत्राच्या एका पानावर, फोटो आणि जाहिराती वगळून, दहा हजार अक्षरं धरू. सोळा पानं, एक लाख प्रती. १,६०० कोटी अक्षरं! एका रात्रीत. आकडा डोक्यात मावत नाही, म्हणून प्रत्येक अक्षराला मालदांडीचा एक दाणा ठेवू. हजार दाण्यांचं वजन सुमारे तीस ग्रॅम. १,६०० कोटी दाणे झाले ४८० टन. दहा टनी ट्रक लावले तर अठ्ठेचाळीस, एकामागे एक. आणि ही ज्वारी ओतायला वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल विहीर घेतली, तर पहिली काठोकाठ भरेल आणि दुसरीही भरत येईल. वर आठ फूट तेवढे रिकामे राहतील. हे झालं एका रात्रीचं. वर्षभरात साडेसहाशे विहिरी! माण-खटावात आणि जत-आटपाडीत इतक्या विहिरी नुसत्या पाण्याने भरल्या असत्या, तर वर्तमानपत्रांच्या निम्म्या बातम्याच छापाव्या लागल्या नसत्या.

मिरजेच्या तांबटाला पुन्हा बोलावू. दिवसाला साठ अक्षरं. सोळा पानांचा एकच अंक कोरायचा तर १,६०,००० अक्षरं, म्हणजे सात वर्षं आणि वर चार महिने. आणि सगळ्या लाख प्रतींची अक्षरं एकेक करून कोरायला बसवला तर? सात लाख तीस हजार वर्षं! माणूस नावाची आपली जात पृथ्वीवर येऊन झाली आहेत तीन लाख. तांबट ही तुलना ऐकून चिडेल, आणि बरोबरच चिडेल, कारण एकदा कोरलेला पत्रा पुन्हा पुन्हा छापतो. त्याचसाठी तर तो कोरायचा. छपाईची सारी किमया त्या 'पुन्हा'त आहे.

वाईला या. कृष्णेच्या घाटांवरचं हे गाव, पोथ्यांचं आणि शास्त्र्यांचं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी इथे बसून मराठी विश्वकोशाचा संसार मांडला. पहिला खंड १९७६ ला आला, विसावा पुरा व्हायला २०१५ उजाडलं. शास्त्रीबुवा त्याआधीच, १९९४ ला गेले. वीस खंड, अठरा हजारांहून जास्त नोंदी. खंडाची पानं हजार आणि पानावर पाच हजार अक्षरं धरली, तर दहा कोटी अक्षरं होतात. जुन्या काळचा पोथीलेखक रोज शंभर श्लोक, म्हणजे ३,२०० अक्षरं उतरवतो असं मानलं, तर विश्वकोशाची एक प्रत लिहून काढायला त्याला पंचाऐंशी वर्षं लागतील. मुंजीनंतर आठव्या वर्षी बसवला तर त्र्याण्णवाव्या वर्षी उठेल. एका प्रतीसाठी! दुसरी हवी असेल तर नातवाला सांगा.

वाईहून पसरणी घाट चढा, पाचगणी ओलांडा, आणि महाबळेश्वरच्या वाटेवर भिलार लागतं. स्ट्रॉबेरीचं गाव. ४ मे २०१७ पासून पुस्तकांचंही. पंचवीस ठिकाणी, घराघरांत आणि देवळांत मिळून पंधरा हजार पुस्तकं ठेवून ते सुरू झालं. १४२४ साली केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात किती पुस्तकं होती माहितीय? १२२. एकशे बावीस! विद्वानांचं अख्खं विद्यापीठ त्यावर चालायचं. भिलारने सुरुवातच केली एकशे तेवीस केंब्रिजांनी, आणि तिथे पुस्तक उघडायला लॅटिन यावं लागत नाही. दुपारी कुणाच्याही ओटीवर जाऊन बसायचं, पुस्तक काढायचं. घरातलं कुणी कांदे चिरत असतं, ते मान वर करून बघतं आणि पुन्हा चिरायला लागतं.

आणि आता शेवटचा आकडा. २०१० साली गूगलने हिशेब केला की जगात आजवर निघालेली वेगवेगळी पुस्तकं किती. प्रती नव्हेत, निव्वळ पुस्तकं. उत्तर आलं १२,९८,६४,८८०. जवळपास तेरा कोटी! भिलारात सुरुवातीला होती तितकी एकेका गावात ठेवायची, आणि एकही पुस्तक दोनदा नको, असं ठरवलं तर साडेआठ हजारांहून जास्त गावं लागतील. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतली मिळून गावं साधारण अडीच हजार. दोन जिल्हे उंबऱ्यापासून आढ्यापर्यंत पुस्तकांनी भरले, तरी दोन-तृतीयांशांहून जास्त पुस्तकं कऱ्हाडच्या एसटी स्टँडवर ताटकळत बसतील. एका माणसाने रोज एक वाचायचं ठरवलं तर साडेतीन लाख वर्षं. म्हणजे पहिल्या माणसाने सुरुवात केली असती, तरी अजून उरलीच असती.

पण एकट्याने का वाचायची? २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची माणसं ३०,०३,७४१. सांगलीची २८,२२,१४३. बेरीज ५८ लाखांच्या वर. तेरा कोटींना अठ्ठावन्न लाखांनी भागा. येतात बावीस! गुटेनबर्गपासून गूगलपर्यंतचा सगळा पसारा, गोव्याचा, श्रीरामपूरचा, औंधचा, लंडनचा, पेकिंगचा, या दोनच जिल्ह्यांत वाटला तर माणशी बावीस पुस्तकं आणि थोडी चिल्लर. तान्ह्या बाळाच्या वाट्याची आईने वाचायची, आजोबांना चष्मा सापडत नसेल तर नातीने वाचून दाखवायची. महिन्याला एक धरलं तरी दोन वर्षांच्या आत कोरेगावपासून कवठेमहांकाळपर्यंत सगळ्यांची बावीसच्या बावीस पुरी. मिरजकरांना मात्र एक अट: बावीसांतलं पहिलं १८०५ चं.